सूर्याचं बटण

सिंगापूर विषुववृत्ताच्या अगदी शेजारी आहे, आणि तिथे मी घर गरम करायचं यंत्र बसवून घेतलं.

हे सांगितलं की समोरचा माणूस हमखास मला दुरुस्त करतो. "गार करायचं, असं म्हणायचंय ना?" नाही. गरमच करायचं. बाहेर बाराही महिने माणूस घामानं निथळत असताना, वुडलँड्स भागातल्या, अकराव्या मजल्यावरच्या आमच्या तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, मी शुद्धीवर असताना, स्वतःच्या सहीनं. शिवाय मी इंजिनिअर आहे. (हे मी शक्यतो शेवटी सांगतो.)

मानसीचे, म्हणजे माझ्या बायकोचे, दिवस भरत आले होते. डिसेंबरातली तारीख होती. बाळंतपणाला नाशिकहून माझी आई येणार होती, चांगली तीन महिन्यांसाठी. मानसीची आई ती लहान असतानाच गेलेली. त्यामुळे या तीन महिन्यांवर तिची सगळी भिस्त होती. बाळाला न्हाऊ कसं घालायचं, ते रडलं तर का रडतंय, हे आम्हाला दोघांनाही ठाऊक नव्हतं, आणि इंटरनेटवर वाचून वाचून आमची भीती रोज थोडी वाढत होती. "आई आल्या की मी निर्धास्त," असं मानसी दिवसातून दोनदा म्हणायची.

निघण्याआधी महिनाभर आईचा फोनवरून तयारीचा तपास चालू होता. डिंक आणते, बाळंतशोपा आणते, ओवा आणते. मग एकदा म्हणाली, "बाळंतिणीची खोली उबदार लागते हो. शेगडीचं काय करणार आहेस?"

मी म्हटलं, "मी बघतो."

आता माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं. वन-नॉर्थ नावाच्या भागातल्या एका कंपनीत माझं काम एकच होतं. ग्राहकाला नेमकं काय हवंय ते त्याला खोदून खोदून विचारायचं, लिहून काढायचं, त्याला वाचून दाखवायचं, त्याची सही घ्यायची, आणि तोवर कुणाला कशालाही हात लावू द्यायचा नाही. या कामात माझा दरारा होता. नवीन मुलांना मी यावर व्याख्यान द्यायचो. आईला मात्र मी एकही प्रश्न विचारला नाही. किती ऊब, कधी, किती वेळ, काही नाही. आईला काय विचारायचं? आईचं आपल्याला ठाऊकच असतं.

फ्लॅटमध्ये कोळशाची शेगडी पेटवणं शक्य नव्हतं. धूर दिसताच अख्खा ब्लॉक खाली उतरला असता. आमचे एसी तसेही जुने झाले होते, बदलायचेच होते. तेव्हा माझ्या डोक्यात वीज चमकली. थंड देशांत असे एसी मिळतात, जे हिवाळ्यात उलटे चालतात. बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत आणतात. युरोपात, जपानात लोक बर्फ पडत असताना त्यांच्यावर घर उबदार ठेवतात. म्हणजे धूर नाही, राख नाही, शेगडीचं काम रिमोटवर! मी स्वतःवर इतका खूश झालो की मानसीलाही आधी बोललो नाही.

एसी बसवणारे एक म्हातारे चिनी अंकल होते. त्यांनी माझं म्हणणं दोनदा ऐकून घेतलं. "बॉस, सिंगापूर ऑलरेडी हॉट. हीटर फॉर व्हॉट?"

मी त्यांना बाळंतपण, वात आणि आयुर्वेद समजावून सांगितला. त्यांनी मान हलवली. थंड देशातल्या कुणासाठी मागवलेला आणि गोदामातच राहिलेला एक संच त्यांच्याकडे होता. बाहेर एक मोठं यंत्र, आत तिन्ही ठिकाणी एकेक. तो घ्यायला कुणी भेटेल अशी आशा त्यांनी सोडली असावी, कारण दुसऱ्याच दिवशी ते बसवायला हजर झाले. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर मोठं यंत्र टांगलं, दोन बेडरूममध्ये आणि हॉलमध्ये एकेक लावलं. जाताना रिमोट हातात देत ते म्हणाले, "वन रूम हॉट, ऑल रूम कॅनॉट कोल्ड. अंडरस्टँड?"

मी तेव्हा रिमोटवरच्या सूर्याच्या बटणाकडे कौतुकानं बघत होतो. म्हटलं, "अंडरस्टँड."

आई आली, चारच दिवसांत मुलगी झाली, आणि दोघी मायलेकी दवाखान्यातून घरी आल्या त्या सकाळी मी बाळंतिणीच्या खोलीत छोटा उद्घाटन समारंभ केला. सूर्याचं बटण दाबलं. यंत्रानं जरा विचार केला आणि भसकन गरम वारा सोडला. "आई, शेगडी," मी म्हटलं.

आई वर बघत राहिली. मग पदरानं कपाळ टिपत म्हणाली, "छान आहे हो. बरंच केलंस की."

मानसी म्हणाली, "छान आहे." तिचा आवाज जरा बारीक होता, पण बाळंतपणात थकवा असतोच, असं मी वाचलेलं होतं.

मानसी, बाळ आणि आई, तिघी त्याच खोलीत असायच्या, आणि त्या दिवसापासून ते यंत्र बंद झालं नाही. मीच बंद होऊ देत नव्हतो. ऑफिसला जाताना बघून जायचो, आल्यावर आधी बाळ बघायचं सोडून रिमोट बघायचो. गंमत म्हणजे त्याच दिवसापासून हॉलमधला आणि माझ्या खोलीतला एसी चालेनासा झाला. बटण दाबलं की नुसता हिरवा दिवा मिचकावत बसायचा. अंकलना फोन केला, तर ते सुट्टीवर पेनांगला. मी फिल्टर धुतले, रिमोटच्या बॅटऱ्या बदलल्या, यंत्राला दोन चापट्याही मारून पाहिल्या. नवंकोरं यंत्र आणि तीनातली दोन बाद! पण बाळंतिणीचं चालतंय ना, मग झालं, म्हणून मी सोसलं.

बाळ मात्र रडत होतं. दिवसभर. पाठीवर पुरळ उठलं होतं. तपासणीला नेलं तेव्हा नर्सनं विचारलं, घरी एसी आहे ना? मानसी म्हणाली, तीन आहेत. मग घामोळं कशानं आलं, ते नर्सला कळेना. मानसीनं घरी येऊन मला एवढंच सांगितलं की घामोळं आहे, पावडर लावायला सांगितलीय.

आणि आठव्या दिवशी आई हळूच म्हणाली, "अरे, माझं तिकीट जरा अलीकडचं करता येईल का? बारसं झालं की निघते म्हणते."

 तीन महिन्यांसाठी आलेली आई पंधरा दिवसांत परत? काय झालं, विचारलं, तर काही नाही म्हणाली. घरी कुंड्यांना पाणी घालायला कुणी नाही म्हणाली. (आईच्या घरी कुंड्या दोन. दोन्हीत निवडुंग.) मानसीला सांगितलं, तर ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तिचे डोळे भरले होते ते मी पाहिलं. आईचं मन कुठेतरी दुखावलंय आणि ते माझ्याच व्यवस्थेत काही कमी पडल्यामुळे, याबद्दल मला शंका उरली नाही. काय कमी पडलं असेल? मी बराच विचार केला, आणि मला उत्तर सापडलं.

मी यंत्र तीसवरून बत्तीसवर नेलं.

बारशाचा रविवार उजाडला. सकाळभर पाऊस, म्हणून खिडक्या बंद. हॉलमध्ये फुलं लावलेला पाळणा, स्वयंपाकघरात घुगऱ्या, आणि दारात तीसेक मराठी माणसं. बायका भरजरी साड्यांत, पुरुष सिल्कच्या कुर्त्यांत. दहा मिनिटांत कुर्ते अंगाला चिकटले. हौगांगहून आलेल्या एका बँकवाल्या काकांचा चष्मा आत पाऊल टाकताच धुरकटला, तो ते जाईपर्यंत तसाच होता.

"एसी लाव की रे," कुणीतरी म्हणालं.

"लावलाय," मी म्हटलं. हिरवा दिवा मिचकावला.

सिंगापुरातल्या आमच्या गोतावळ्यात इंजिनिअर नसलेला माणूस शोधून काढावा लागतो. त्या दिवशी माझ्या घरात नऊ होते. नवांनी मिळून यंत्राखाली सभा भरवली. एक म्हणाला गॅस संपलाय, दुसरा म्हणाला सेन्सर गेलाय. तिसऱ्यानं आमच्या वीज जोडणीवर संशय घेतला आणि फ्लॅटचे सगळे खटके पाडून पुन्हा चढवले. त्या अर्ध्या मिनिटात पंखेही थांबले, तेव्हा सगळ्यांनी त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तसं मी माणसांना माणसाकडे पाहताना क्वचितच पाहिलंय. बाळंतिणीच्या खोलीत मात्र एसी छान चालू होता. खटके चढल्याबरोबर मी आठवणीनं तो पहिला चालू केला होता!

मानसी बाळाला घेऊन हॉलमध्ये आली. आई पाळण्याशी उभी, घामानं चिंब, चेहरा लालबुंद. बाळ असं रडत होतं की नाव कानात सांगायचं कसं, हाच प्रश्न पडला. कुणी खुळखुळा वाजवला, कुणी पाळणा हलवला. आईनं तिला खांद्यावर घेतलं तर ती जास्तच रडायला लागली, आणि माझी आई, जिनं आमच्या नात्यातली निम्मी बाळं न्हाऊ घालून मोठी केली, ती एकदम हताश होऊन म्हणाली, "मला नाही बाई जमत आता."

तेवढ्यात शेजारच्या चिनी आंटी आल्या, हातात संत्र्यांची पिशवी घेऊन. त्या दारातच थबकल्या. "अय्यो! युअर हाउस व्हाय सो हॉट? माय किचन विंडो सो कोल्ड! थ्री डेज क्लोद्स कॅनॉट ड्राय!"

नऊही इंजिनिअरांनी यंत्रावरून नजर काढून त्यांच्याकडे पाहिलं. आंटी कुणाच्या उत्तराची वाट न बघता तडक आमच्या स्वयंपाकघरात गेल्या आणि त्यांनी खिडकी उघडली. बाहेर टांगलेल्या त्या मोठ्या यंत्रातून थंडगार वारा येत होता. इतका सुरेख की अंगावर काटा यावा. आंटींनी आईला खूण केली. आई बाळाला घेऊन खिडकीशी गेली. बाळानं एक हुंदका दिला, एक जांभई दिली, आणि ते झोपलं.

घरात इतकी शांतता दहा दिवसांत पहिल्यांदाच झाली होती.

मग सगळी वरात स्वयंपाकघरात आली. ज्यांना आत जागा मिळाली नाही ते दारात माना घालून उभे राहिले. पाळणा उचलून आणला आणि वॉशिंग मशीनला टेकवून ठेवला. तिथेच, एका बाजूला कपडे धुवायचं मशीन आणि दुसऱ्या बाजूला घुगऱ्यांचं पातेलं, अशा थाटात माझ्या मुलीचं नाव रेवा ठेवलं गेलं. यंत्र बाहेरची उष्णता आत ओढतंय आणि गार हवा बाहेर फेकतंय, हे एव्हाना नवांनाही कळलं होतं. एका खोलीत उष्णता लावली की बाकीच्यांना गारवा मिळत नाही, हेही कळलं. अंकल हेच सांगत होते, हे मला एकट्यालाच कळलं. मी ते कुणाला सांगितलं नाही.

पाहुणे गेल्यावर आई खिडकीशी स्टूल टाकून बसली होती. म्हणाली, "बाळा, एक सांगू? ते बंद करतोस का?"

"पण तुला ऊब हवी होती ना?"

"अरे, न्हाऊ घातलं की दहा मिनिटं शेक द्यायचा. तव्यावर फडकं गरम केलं तरी चालतं. तू येवढ्या हौसेनं बसवलंस, रोज येऊन बघतोस. कसं म्हणू बंद कर? पण जीव घाबरा व्हायचा रे. म्हटलं, आपणच जावं."

आतून मानसी आली. "आई, तुम्हाला उकडत होतं? मला वाटलं तुम्हालाच ती खोली तशी हवी आहे. म्हणून मी काही बोलले नाही."

 मग आई हसायला लागली, मग मानसी हसली, आणि हसता हसता आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. "नका ना जाऊ," म्हणाली. आईनं तिच्या केसांवरून हात फिरवला आणि मला म्हणाली, "तिकिटाला हात लावू नकोस."

माझ्यामुळे तीन माणसं दहा दिवस भाजत होती, त्यातलं एक अडीच किलोचं, आणि मोठ्या दोघी ते माझं मन मोडू नये म्हणून सोसत होत्या. मला इतकं ओशाळायला झालं आणि इतकं बरंही वाटलं की काय करावं कळेना. मी जाऊन सूर्याच्या बटणावर चिकटपट्टी लावली. पाच मिनिटांत तिन्ही खोल्या गार झाल्या. आई पूर्ण तीन महिने राहिली. रोज सकाळी तव्यावर फडकं गरम करून बाळाला दहा मिनिटं शेकायची, आणि मग खुशाल एसी लावायची, तेवीसवर.

रेवा पाच वर्षांची झाली तेव्हा आम्ही डिसेंबरात नाशिकला गेलो. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात मी आईच्या खोलीत एसी बसवून दिला होता, तिला न सांगता, अगदी अचानक आनंद म्हणून. पहिल्याच सकाळी, कडाक्याच्या थंडीत, बघतो तर आई दोन स्वेटर घालून आणि शाल पांघरून कॉटवर बसलेली, आणि तिच्या कुशीत रेवा, दात वाजवत.

"बाबा," घरची ती गोष्ट तोंडपाठ असलेली रेवा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "प्रेस द सन लाह."

आईनं शालीतून एक हात बाहेर काढून माझ्यापुढे रिमोट धरला. मी चष्मा पुसून तो उलटसुलट करून पाहिला. त्यावर सूर्य नव्हता. कसा असेल? घेताना मीच दुकानदाराला तीनदा बजावलं होतं, की काही झालं तरी गरम करणारं देऊ नका, आमच्या आईला चालत नाही.

आणि या वेळीही आईला विचारायचं राहूनच गेलं होतं.