मागून घेतलेलं कलम

वकीलबाईंचा फोन आला तेव्हा ती गणवेशाच्या सदऱ्याला खिसा लावत होती. फोन ठेवून पाहिलं, तर खिसा उलटा बसला होता. तिने टाके उसवायला घेतले.

तिची लेक नाहीशी झाली त्याला दोन वर्षं झाली. घरात रक्त सापडलं, देह सापडला नाही. जावई परदेशात पळाला. तेव्हापासून ती सभासभांतून बोलत होती: बायकोच्या खुनाला फाशीच हवी. तिच्या हट्टावरून नव्या कायद्याच्या मसुद्यात एक कलम वाढवलं गेलं. जुन्या खटल्यांनाही हीच शिक्षा, दुसरी नाही. उद्या मसुदा मंजूर व्हायचा होता.

"तो देश फासावर चढवायला माणूस परत देत नाही," वकीलबाई म्हणाल्या होत्या. "आजच्या कायद्यात जन्मठेपेची हमी देता येते, म्हणून द्यायला तयार आहेत. उद्यानंतर विसरा."

धाकटा भाऊ सभेला न्यायला आला. "चल ताई, गाडी खाली उभी आहे. अगं, अजून याच अवतारात?"

तिने सांगितलं. तो कपड्यांच्या गठ्ठ्यावरच टेकला.

"मग तिकडेच सडू दे मेल्याला."

"सडतोय कुठे? हॉटेलात नोकरी करतोय, जाड झालाय म्हणे. आणि पोरीला कुठे टाकलं ते मला कोण सांगणार? तू?"

भावाने गाडीची किल्ली खिशात टाकली.

"ते कलम काढायला सांग सभेतल्या पुढाऱ्यांना," ती म्हणाली.

"एका माणसासाठी कलम काढतात होय? ते घालायला तूच आकाशपाताळ एक केलंस."

"घातलं तेव्हा एकीसाठीच घातलं ना?"

रस्त्यावरून भोंगा ऐकू आला. सभेची रिक्षा गल्लीत वळत होती. भोंग्यातून तिचाच आवाज येत होता, मागच्या सभेतला, चिरका: "फाशीच द्या! सुरुवात माझ्या जावयापासून करा!"

गळ्यातली मापाची टेप तशीच ठेवून ती खाली धावली आणि रिक्षासमोर उभी राहिली.

"बंद कर ते."

रिक्षावाल्याने तिच्याकडे पाहिलं, मग टपावरच्या फलकावरच्या तिच्या फोटोकडे. लगबगीने उतरून त्याने हात जोडले.

"मावशी, तुम्ही! रोज ऐकतो, तरी अंगावर काटा येतो बघा."

"बंद कर म्हणते ना!"

"लाजता कशाला, मावशी?" तो हसला, आणि आत वाकून त्याने आवाज आणखी वाढवला.