अठ्ठेचाळीस घरांचा कचरा

घंटागाडीवरच्या माणसाने ओल्या कचऱ्याची हिरवी बादली ओतली आणि त्याच ढिगावर सुक्याची निळी उलटी केली, तशा आशालताबाई गॅलरीतून ओरडल्या, "अहो, थांबा! काय करताय हे?"

एव्हरशाईन सिटीतल्या त्या इमारतीत त्यांनी दोन वर्षं घसा कोरडा केला होता. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर अठ्ठेचाळीस घरांची दारं वाजवून ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, हे समजावलं होतं. कुणी तोंडावर दार लावलं, कुणी "मावशी, तुम्हाला दुसरं काम नाही का?" म्हणून हसलं. सगळं त्यांनी गिळलं होतं.

चप्पल अडकवून त्या खाली धावल्या. ड्रायव्हर थंडपणे म्हणाला, "मॅडम, तिकडे डंपिंगवर कचऱ्याचा एकच डोंगर आहे. त्याला काय कळतंय ओलं नि सुकं?"

बाईंची कानशिलं तापली. समोर आली ती रिक्षा पकडून त्या गाडीच्या मागे निघाल्या.

कारखाने मागे पडले. पुढे खऱ्या डोंगराला टेकून कचऱ्याचा दुसरा डोंगर धुमसत होता. त्यातून पाझरणारं काळं पाणी उतारावरून थेट ओढ्यात जात होतं. गाडी रिकामी होताच सात-आठ बाया पुढे सरसावल्या. एकीने एक पिशवी ओढली आणि किंचाळून हात छातीशी धरला. अंगठ्यापासून मनगटापर्यंत तळवा चिरला होता.

तिचं नाव देवकी, जवळच्याच पाड्यावरची. आशालताबाईंनी ओढणी फाडून तिचा हात बांधला. देवकी दुखणं विसरून संतापली होती. "बाई, काच कागदात गुंडालायला किती येल लागतो? आमी यात हात घालतो, कुनालाच ठावं नाय?"

बाईंनी पिशवी उघडून पाहिली. फुटलेल्या बरणीखाली कुरिअरचा खोका होता. त्यावर नाव-पत्ता सुधाकर यांचा, म्हणजे त्यांच्याच सोसायटीच्या सेक्रेटरींचा! जानेवारीत स्वच्छ इमारतीचं प्रशस्तिपत्र हसत हसत घ्यायला हेच पुढे होते.

देवकीच्या हाताला नऊ टाके पडले. रविवारी सोसायटीच्या मीटिंगमध्ये आशालताबाईंनी तो खोका आणि काच टेबलावर ओतली.

"आशाताई, वास येतोय!" सुधाकर यांनी नाकाला रुमाल लावला.

"येऊ दे. तुमच्याच घरचा आहे. पत्ता वाचा."

"चुकून गेली असेल बरणी. एवढं काय त्यात?"

"नऊ टाके आहेत त्यात! स्वतःच्या कचऱ्यात स्वतः हात घालून दाखवा, आत्ता, सगळ्यांसमोर!"

मग दुसऱ्या मजल्यावरची हेमांगी उठून म्हणाली, "माझा ओला कचरा उद्यापासून गाडीत जाणार नाही. मागच्या मोकळ्या जागेत खड्डा खणू या."

एकवीस घरं तयार झाली. दोन खड्डे खणले, वास येतो म्हणून लेखी तक्रारी आल्या, त्या आशालताबाईंनी फाडून टाकल्या. सुका कचरा दर मंगळवारी देवकी आणि तिच्या सोबतिणी थेट घरांतून उचलून, खाली निवडून नेऊ लागल्या. सुधाकर यांनी त्यांना लिफ्ट वापरायला मनाई केली, तेव्हा बाई लिफ्टच्या दारात उभ्या राहिल्या आणि तासभर कुणालाच वर जाऊ दिलं नाही. मनाई मागे घेतली गेली.

उरलेली सत्तावीस घरं अजूनही सगळं एकाच पिशवीत बांधतात. देवकीचा अंगठा पुरता वळत नाही. "आता तरी राग सोडा," असं परवा कुणीतरी सुचवलं. बाईंनी त्याला मंगळवारी खाली बोलावलं आहे, सुका कचरा निवडायला.