बाईंचा लॅपटॉप आणि शर्वरीची पाळी

मराठ्यांच्या धास्तीने एके काळी कोलकात्याच्या ज्या बागबाजारात खंदक खणायला घेतला, तिथेच बसून विनीता करमरकर दर रविवारी लॅपटॉपवरून शहरातल्या मराठी मुलांना मराठी वाचायला शिकवतात. जन्म इथलाच, उभी हयात शाळेत भूगोल शिकवण्यात गेली. एकदा मनात घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकायच्या नाहीत. जुन्या लॅपटॉपवर विंडोज काढून लिनक्ससुद्धा त्यांनी स्वतःच चढवलेलं, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान.

दसरा झाला आणि त्या अभिमानाला दृष्ट लागली. वर्ग संपत आला की लॅपटॉप तव्यासारखा तापायचा आणि फटकन बंद पडायचा.

मग शर्वरीच्या आईचा फोन आला. शर्वरीचे वडील बँकेत, नुकतेच बदलून आलेले. पोरगी अडखळत वाचायची आणि हजेरीत तिचं नाव शेवटचं.

"बाई, ती वर्गाला बसायचं नाही म्हणते. मला नीट वाचता येत नाही, म्हणून माझी पाळी आली की बाई बंद करतात, असं म्हणते."

बाईंना गलबलून आलं. "तिला सांगा, या रविवारी मी तिचं शेवटच्या ओळीपर्यंत ऐकणार आहे."

सांगून तर बसल्या. "अगं, नवा घे की एखादा," बाईंचे यजमान अशोकराव पेपरामागून म्हणाले.

"अहो, बिघडलंय काय ते तरी कळू दे आधी!"

बाईंनी पदर खोचला. तापमान बघितलं तर आकडा डोळ्यांदेखत चढत होता आणि लॅपटॉपच्या आतल्या पंख्याचे फेरे शून्य. लिनक्स पंख्याला हुकूमच देत नसणार, असं त्यांनी ठरवून टाकलं. पंख्यावर ताबा ठेवणारा प्रोग्रॅम घातला, सेटिंग्ज उलट्यापालट्या केल्या, इंटरनेटवर अनोळखी माणसांना प्रश्न विचारून भंडावून सोडलं. शेवटी पंख्याला पूर्ण वेगाने फिरायला बजावलं. पंखा ढिम्म. कान लावला तर आत नुसती बारीक टकटक. तेव्हा कुठे बाईंची ट्यूब पेटली. हुकूम पोचत होता, पंख्यालाच हलता येत नव्हतं.

शनिवारी त्यांनी लॅपटॉप बंद करून पालथा घातला, स्क्रू काढले, बॅटरी सोडवली. पंख्याच्या पात्यांत तांदळाचा दाणा अडकला होता, कुंकवाने लाल झालेला. खंडेनवमीला बाईंनी शस्त्र म्हणून लॅपटॉप पाटावर मांडला होता आणि ओल्या अक्षता मनोभावे वाहिल्या होत्या, थेट मागच्या जाळीवर!

अशोकरावांना हसता हसता ठसका लागला. बाईंना मात्र हसू येईना. आपल्या पूजेने त्या पोरीचं तोंड बंद केलं, याची त्यांना मनापासून लाज वाटली. चिमट्याने दाणा काढला, ब्रशने कुंकू झाडलं, सगळं पुन्हा जोडलं. पंखा भिरभिरला.

रविवारी बाईंनी तो दाणा कॅमेऱ्यासमोर धरला. "शर्वरी, तुझी पाळी याने अडवली. आणि याला आत घातला मी. चुकलं माझं. आज पहिली वाचतेस?"

शर्वरीने कॅमेरा बंदच ठेवला होता. "नको. शेवटीच. बंद पडतो का बघते."

एकेक मूल वाचत गेलं. बाईंचा एक डोळा मुलांवर, एक तापमानावर. शेवटी शर्वरी वाचू लागली. अडखळली, थांबली, मागे जाऊन पुन्हा वाचू लागली. बाईंनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. पंखा घरघरत राहिला आणि गोष्ट संपली.

मग शर्वरीचा कॅमेरा सुरू झाला.

"बाई, अजून एक वाचू?"