घोड्याच्या चिठ्ठ्या

गल्लीत तिला सगळे चिठ्ठीताई म्हणत. नाव काही वाईट बुद्धीने पडलेलं नव्हतं. बावीस वर्षं शब्दकोशाच्या कार्यालयात नोकरी केलेली बाई. पर्समध्ये एक वेळ कंगवा नसेल, पण तळहाताएवढ्या कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा हमखास असायचा. भाजी घेताना, दवाखान्यात नंबर लावून बसलेली असताना, कुणाच्या तोंडून वेगळा शब्द निघाला की हिने चिठ्ठी काढलीच. कोण बोललं, कुठे, कशासाठी, सगळं टिपून घ्यायची. लोकांना पुढे सवय झाली. भांडताना मात्र तिच्यासमोर जरा जपून भांडायचे.

कार्यालय म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची एक लांबट खोली, भिंतभर लाकडी खोकी आणि एक नियम. अर्थ कितीही पटला तरी तीन पुरावे हाती आल्याशिवाय तो कोशात जायचा नाही. एकटीदुकटी चिठ्ठी ‘संशयित’ असं लिहिलेल्या पत्र्याच्या डब्यात पडून राहायची. या नियमावर चिठ्ठीताईची देवापेक्षा जास्त श्रद्धा होती.

यंदा नव्या आवृत्तीसाठी ‘घोडा’ तिच्या वाट्याला आला. शब्द दिसायला गरीब, पण हात घातला की घाम फुटतो. बंदुकीला घोडा, बुद्धिबळात घोडा. रंगारी जिच्यावर चढतो ती घोडी, तंतुवाद्याच्या तारा जिच्यावर टेकतात तीही घोडीच. काम थांबलं की घोडं अडलं, चूक मोठी झाली की घोडचूक. मूळ शोधत गेलं तर संस्कृतातल्या ‘घोटका’पर्यंत वाट नीट जाते आणि तिथून पुढे विद्वानांचीच जुंपलेली. अश्व बिचारा ग्रंथांत मानाने राहिला. हा पठ्ठ्या तबेल्यातून निघाला तो घराघरांत शिरला. ‘घोडनवरी’ची चिठ्ठी तिने, वय पंचेचाळीस आणि बिनलग्नाची, स्वतःच लिहिली. स्वच्छ अक्षरात अर्थ दिला आणि पुढे ‘अनादरार्थी’ असं ठणकावून टाकलं.

आणि नशिबाची थट्टा बघा, घरी नेमका तोच शब्द येऊन बसला होता.

घरी ती आणि बाबा. बाबा सुतार. गल्लीच्या टोकाला त्यांचं दुकान होतं आणि तोंडात शब्द मोजके. लहानपणी सुट्टीच्या दिवशी फळी कापताना दुसरं टोक धरायला ते पोरांना बोलवायचे आणि एवढंच म्हणायचे, “धर.” ताई तासन्‌तास धरून उभी राहायची. धाकटा भाऊ अर्ध्यात फळी सोडून पळायचा.

सहा महिन्यांपूर्वी त्यांना झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, “त्यांना बरंचसं समजतंय, पण शब्द सापडत नाहीत.” मान हलवायचे, पण होला नाही आणि नाहीला हो, त्यामुळे मानेचाही भरवसा नाही. वीस दिवस घर मुकं होतं. एकविसाव्या दिवशी सकाळी बाबा स्पष्ट म्हणाले, “घोडा.”

बस, तेवढंच. पाणी हवं, घोडा. पंखा बंद कर, घोडा. शेजारी आले की हसून घोडा आणि शेजारी गेले की दाराकडे बघत हळूच घोडा. नको ती वस्तू समोर आली की त्यांचा संताप व्हायचा आणि डोळ्यांत पाणी यायचं.

चिठ्ठीताई न्हाणीघरात नळ सोडून दोन दिवस रडली. तिसऱ्या दिवशी तिने कोऱ्या चिठ्ठ्या काढल्या. वेळ, सूर, हाताची हालचाल, नजर कुठे होती आणि काय दिल्यावर समाधान झालं, सगळं लिहायला लागली. नियम तोच, पुरावे तीन. दोन महिन्यांत सतरा अर्थ पक्के झाले. आखूड आणि तोडून म्हटलं तर पाणी. शेवटचा ‘आ’ ओढून, भुवया वर, तर कोण आलंय. तोंडातल्या तोंडात दोनदा, तर ‘मला अंघोळ घालताना गाणं म्हणू नकोस’. बाबांचं चिडणं कमी झालं. एकदा तर दोघं मिळून खळखळून हसले, त्या दिवशी तिला आभाळ ठेंगणं झालं.

एका अर्थाने मात्र तिला जरा दमवलं. दुपारी बाबा खुर्चीत बसल्या बसल्या डावा गुडघा वर उचलायचे, डाव्या हाताने खुर्चीचा दांडा दाबायचे आणि मोठ्याने म्हणायचे, “घोडा!” पुरावे तीन सोडून दहा मिळाले. तिने लिहिलं, ‘गुडघा दुखतो’. मग रोज कोमट तेल. बाबा छताकडे बघत मुकाट्याने तेल लावून घ्यायचे.

अशात एका बुधवारी धाकटा आला. तो काही वाईट माणूस नव्हता. दवाखान्याच्या सगळ्या खेपा त्यानेच केल्या होत्या.

“ताई, दुकान बंद राहिलं तर लाकडाला वाळवी लागेल. एक जण जागा मागतोय. बाबा आता परत करवत धरणार आहेत का?”

“त्यांना विचारलंस?”

“विचारलं. घोडा म्हणाले. त्यांना नको असेल ना, तर मी त्या क्षणी थांबतो. पण मला कळायला तर पाहिजे! रविवारी दहाला तो माणूस किल्लीसाठी फोन करणार आहे.”

इथेच सगळं घोडं अडलं होतं. हातात चार दिवस. बाबांना दुकान हवंय की नको, हे कुणीतरी त्यांच्याकडूनच काढून घ्यायला हवं होतं. भाऊ गेल्यावर ती बाबांसमोर बसली. “बाबा, दुकान देऊन टाकायचं का?”

बाबांनी गुडघा उचलला, दांडा दाबला आणि जीव खाऊन ओरडले, “घोडा!”

चिठ्ठीताईने उठून तेलाची वाटी आणली. याला म्हणतात घोडचूक.

शनिवारी कार्यालयात मुख्य संपादक म्हणाले, “सुताराचा घोडा राहिलाय बघा. तुम्हीच लिहा, तुमचं घरचंच काम.” तिने पेन उचललं. ‘लाकूड कापताना ते ज्याच्यावर आडवं ठेवतात, ती चार पायांची लाकडी बैठक. कापणारा आपला डावा गुडघा टेकवून आणि डाव्या हाताने दाबून फळी...’

पेन थांबलं. तिने स्वतःच्या गुडघ्याकडे पाहिलं. मग हाताकडे.

“सर, मी घरी जाते.”

“अहो, पण व्याख्या?”

“व्याख्या घरीच आहे, सर. तीन आठवडे मी तिला तेल चोळतेय.”

रविवारी साडेनऊ वाजता तिने बाबांना चाकाच्या खुर्चीतून दुकानाशी नेलं. तिच्या निरोपावरून धाकटा किल्ली घेऊन उभाच होता. त्याने कुलूप काढलं. भुशाचा, सरसाचा जुना वास बाहेर आला. मधोमध तो उभा होता, पाठीवर करवतीचे शेकडो ओरखडे घेतलेला, बाबांनी स्वतः केलेला घोडा. बाबांनी त्याच्यावर डावा हात ठेवला. ओरखड्यांवरून बोटं फिरवत राहिले. ज्याच्यासाठी इतके दिवस हाका मारल्या तो भेटल्यावर बोलायचं काय?

ताईने एक पातळ फळी आणून घोड्यावर ठेवली. “धरून उभं कर रे,” ती भावाला म्हणाली. “बाबांना, फळीला नाही.”

धाकट्याने बाबांना उजव्या बगलेतून उचलून उभं केलं. डॉक्टरांनी पाहिलं असतं तर दोघांनाही फाडून खाल्लं असतं. बाबांनी डावा गुडघा फळीवर टेकवला. करवत डाव्या हातात घेतली, आयुष्यात पहिल्यांदा. पहिला हात घसरला, दुसरा लागला. दात लाकडात बसले आणि फळीचं टोक थरथरायला लागलं. बाबांनी वैतागून मान वळवली.

“धर.”

दोघं बहीणभाऊ जागच्या जागी थिजले. ताईच्या मनात नियमच आला आधी, एक पुरावा, संशयित.

“धर!” बाबा मुलाकडे बघून खेकसले.

धाकट्याने एका हाताने बाबांना कवटाळलं आणि दुसऱ्या हाताने फळीचं टोक पकडलं. तेवढ्यात त्याच्या खिशात फोन वाजायला लागला. दहा वाजले होते. फोन कुणाचा ते सांगायला नको. धाकट्याचा हात सवयीने खिशाकडे निघाला आणि फळी हलली.

“नीट धर!”

हात परत फळीवर आला. फोन वाजत राहिला, थांबला, पुन्हा वाजायला लागला.

“अरे, घे ना तो,” डोळे पुसत ताई म्हणाली.

“वाजू दे,” धाकटा म्हणाला. त्याचेही गाल ओले होते. “मी फळी सोडली की बाबा ओरडतात.”