शमीम आणि तिचा ‘निव्यझ’

शमीम आज सकाळी गेली.

तिच्या घरून, पोंभुर्ण्याहून, परत आली तशी मी नुसती आतबाहेर करून राह्यली. बसवत नाई, पडवत नाई.
म्हणून लिहिते.

टेलरची पोरगी. ब्रह्मपुरीच्या कॉलेजात माझी रूममेट. इंग्लिशमध्ये एम.ए. दोघींनी केलं. मी नोकरीला लागली, ती एका शब्दाच्या मागे.

निव्यझ.

म्हणजे ‘नवा’. इंग्रजीतलं ‘न्यू’ ज्याच्यातून आलं, ते फार जुनं जर्मॅनिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या मूळ भाषेतलं, विशेषण. पण कुठेच लिहिलेलं सापडत नाही. अभ्यासकांनी अंदाजानं जुळवलेलं.

“मंग तुले कसं समजलं?”
“बहिणी-बहिणींचे चेहरे पाहून आई कशी दिसत असंल, ते काढायचं. संस्कृतातला ‘नव्य’ त्याच खानदानातला वं!”

कॉलेजात होतो तेव्हापासूनच मेसमध्येही तिचं व्याकरण सुरू.
“कोणतीही नवी सायकल, तर एक रूप. आपल्या ओळखीची ‘ती’ नवी सायकल, तर दुसरं. वरून लिंग, वचन, विभक्ती. इंग्लिशनं सगळं टाकून देल्लं. आपण अजून नवा-नवी-नवं करून राह्यलो!”

भात थंड व्हायचा.

पीएचडीचे गाईड म्हणाले, “इथे हे कोण वाचणार? विषय बदला.”
तिनं गाईड बदलला.

मग कॅन्सर.

दोन केमोंच्या मधल्या दिवसांत थिसिस लिहिला. व्हायव्हाला डोक्याला स्कार्फ बांधून गेली. अब्बा बाहेर बाकावर, मी आत मागच्या खुर्चीत.

परीक्षकांनी विचारलं, “लेखी पुरावा नाही, तरी एवढ्या खात्रीनं रूपं कशी देता?”
“खात्री नाही, सर. आज हाती आहे त्यावरून एवढंच म्हणता येतं. उद्या कोणी चूक काढली तर मला आवडेल.”

पास झाली. अब्बांनी शिपायापासून परीक्षकांपर्यंत सगळ्यांना पेढे वाटले.

गेल्या आठवड्यात मी भेटायला गेली, तर तिच्या मांडीवर थिसिस.

“स्त्रीलिंगी रूपाचं माझं चुकलं वाटते. ते प्रकरण परत लिहा लागते.”
“डिग्री भेटली ना. आता काऊन जीव काढून राह्यली?”
“डिग्रीचं काय करू? मले समजलं पाह्यजे ना!”

तिला पेन धरवत नव्हता. ती सांगत गेली, मी लिहीत गेली.
मधेच दम लागला. मी वही मिटायला गेली, तर तिनं हात धरला.
“थांब वं. अजून झालं नाई.”

शमीम, प्रकरण तसंच अर्धं आहे.
पुढचं मले येत नाई.

खुदा हाफिज, माय.