अकरा बाटल्यांचे परीक्षक

शुक्रवार, १७ ऑगस्ट १९८४. सकाळचे दहा वाजून दहा मिनिटं झाली आहेत. नागपूरच्या सदर भागातल्या आबकारीच्या एका कचेरीमागे रुपराव भोयर सव्विसावी बाटली मोरीत ओतताहेत. बूच काढायचं, बाटली नाकाखाली धरायची, मनगट वळवायचं, रिकामी बाटली पोत्यात टाकायची. एका बाटलीला वीस सेकंद लागतात.

रुपराव शिपाई आहेत. हातभट्टीच्या खटल्याचा निकाल लागला की जप्त माल नष्ट करायचा, हे काम १९६१ पासून त्यांच्याकडे आहे. नागपुरात सगळ्यात जास्त दारू कोणी रिचवली असेल तर ती या मोरीने. खुद्द रुपरावांनी थेंबही घेतलेला नाही. त्यामागे व्रतबीत काही नाही, त्यांना पित्त होतं.

नाक मात्र तयार झालं. वास घेण्याची गरज नव्हती, नियमातही नव्हतं, पण नुसतं ओतून ओतून माणूस कंटाळतो. पाच-सहा वर्षांत त्यांना बाटली मोहाची की गुळाची, नवसागर किती घातला, मडकं धुतलं होतं की नाही, हे बूच काढताच कळू लागलं. ही विद्या कचेरीत कोणाच्या उपयोगाची नव्हती. साहेब रुपरावांना दोनच प्रश्न विचारत : चहा आला का, आणि फाइल कुठे आहे.

उपयोग झाला तो आरोपींना. तारखेला आलेले भट्टीवाले जाता जाता मोरीपाशी थांबत आणि हळूच विचारत, "माही कशी होती जी?" रुपराव सांगत. नाल्याकाठच्या वस्तीतल्या रंभाबाईंना त्यांनी एकदा सांगितलं, "बाई, जळकट आहे. जाळ कमी करा." रंभाबाईंनी दंड भरला, जाळ कमी केला आणि पुढच्या खेपेला पकडल्या गेल्या तेव्हा पहिल्यांदा विचारलं ते हेच : आता कशी आहे?

त्या वस्तीत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, एक चढाओढ चाले. प्रत्येक भट्टीची एकच बाटली, पहिल्या धारेची. मारबतीच्या मिरवणुकीमुळे पोलीस इतवारी-महालात अडकलेले असत, म्हणून मुहूर्त तोच. अडचण परीक्षकाची होती. परीक्षक चौथ्या बाटलीनंतर सगळ्यांनाच पहिला नंबर देई, आणि सातवीनंतर आपली बहीण कोणाला तरी देऊ करी. चढाओढीचे स्वयंघोषित अध्यक्ष, गिरणीतून निवृत्त झालेले गणपतराव, यांनी १९७९ साली तोडगा काढला आणि रुपरावांचं घर गाठलं.

"न पिणारा परीक्षक पाह्यजे आमाले. तुमी या."

"नोकरी जाईन माही, गणपतराव. अठरा वर्षं झाली. पेन्शन बुडन."

"करीच्या दिवशी सुट्टी असते तुमच्या साहेबाले. कोण पाहून राहिलं?"

रुपरावांनी दोन दिवस नाही म्हटलं. तिसऱ्या दिवशी गेले. अठरा वर्षांत त्यांचं मत पहिल्यांदाच कोणी घरी येऊन मागितलं होतं. जाताना खाकी गणवेश घातला, कारण इस्त्रीचे तेवढेच कपडे होते.

अंगणात बाजेवर अकरा बाटल्या ओळीने ठेवल्या होत्या. बाजेच्या पायथ्याशी नाली होती. साडेअकराला रुपरावांनी पहिली बाटली उचलली, बूच काढलं, वास घेतला. "मोहाची. चांगली. पण धुराचा वास आहे." लोकांनी माना डोलावल्या. आणि रुपरावांचं मनगट वळलं. बाटली नालीत रिकामी झाली.

मग लोकांना वाटलं, परीक्षा कडक आहे, नापास झालेली ओततात. टाळ्या पडल्या. दुसरी गेली. तिसरी गेली. चौथी रंभाबाईंची होती. रुपराव वास घेऊन "वा" म्हणाले, आणि तीही गेली.

"अगा रुपराव! वा म्हनता अन् ओतून काहून राहिले?"

रुपरावांनी हाताकडे पाहिलं. "सवय हो बाई. हात ऐकत नाई."

"हात ऐकत नाई? माह्या महिन्याची मेहनत तुमच्या हाताच्या मर्जीवर?"

आता उरलेल्या सात बाटल्या वाचवायच्या, हे कोणत्याही शहाण्या माणसाला सुचलं असतं. वस्तीला न्याय सुचला. ज्यांच्या चार गेल्या होत्या ते उभे राहिले. "आमची नालीत अन् यायची पोटात? चालनार नाई. ओतान तं सगळ्यायची ओता." सगळ्यांत मोठा आवाज रंभाबाईंचा होता. गणपतरावांनी मत घेतलं. ठराव बहुमताने मंजूर झाला.

रुपराव एकेक बाटली उघडून, शेरा मारून ओतत राहिले. अकरावी गळत असतानाच जीप आली.

नवे इन्स्पेक्टर साताऱ्याकडचे होते. करीला इथे कोणी काम करत नाही हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. रुपराव जागच्या जागी उभे राहिले. पळाले असते तरी गणवेश लपणार नव्हता.

"भोयर? तुम्ही इथे काय करताय?"

रुपरावांना एकच वाक्य पाठ होतं. दर शनिवारी ते साहेबांना सांगत. "माल नष्ट केला, साहेब. अकरा बाटल्या."

इन्स्पेक्टरांनी नाली पाहिली, वास घेतला, रिकाम्या बाटल्या मोजल्या. गणपतराव पुढे आले. "लय कडक मानूस आहे साहेब. सनाच्या दिवशीबी सोडत नाई." रंभाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. रडणं खरं होतं, त्यामुळे शंका उरली नाही.

दारूच उरली नव्हती, म्हणून गुन्हा नोंदला गेला नाही. रुपरावांची नोकरी राहिली. वर सुट्टीच्या दिवशी दाखवलेल्या तत्परतेबद्दल प्रशस्तिपत्र आलं, आणि शाबासकीबरोबर काम वाढतं त्याप्रमाणे, मोरीच्या कामाखेरीज प्रत्येक धाडीत हजर राहण्याचा हुकूमही आला.

करीची चढाओढ त्या साली बंद पडली. आता तिची गरज नाही. धाड पडली की भट्टीवाले पळत नाहीत, आपापली चांगली बाटली पुढे करतात आणि रुपरावांच्या तोंडाकडे बघत राहतात. ते पंचनाम्यात न येईल अशा आवाजात शेरा देतात. १९७९ चा पहिला नंबर त्यांनी अजून जाहीर केलेला नाही. रंभाबाईंनी पाच वर्षांत नऊ वेळा विचारलं आहे, त्यातल्या चार वेळा पोलिसांसमोर.

उद्याची धाड कुठे आहे हे छापायला मनाई आहे. संबंधित वस्तीला ते मंगळवारीच कळलेलं आहे. जीप कचेरीच्या फाटकातून सकाळी साडेसहाला निघते.