काळ चुकला

वेलांटीकाकांच्या हातात कुणी मयताची बातमी दिली, तरी ते आधी तिच्यातले ऱ्हस्वदीर्घ बघत. छापखान्यात प्रुफं तपासण्यात उभा जन्म गेलेला माणूस तो. बायको गेली तेव्हा पेपरात द्यायचा मजकूरही त्यांनीच तपासून दिला आणि त्यात एक अनुस्वार राहिला म्हणून पुढे कितीतरी दिवस हळहळत राहिले. बायकोसाठी किती हळहळले, ते कुणाला कळलं नाही.

मग नोकरी संपली, घर खायला उठलं आणि काकांनी वाचनालयातल्या लेखनवर्गात नाव घातलं. वर्ग संध्याकाळचा, सगळे शिकणारे मोठ्या वयाचे. त्या आठवड्याचा विषय होता 'रोजचं सुख'. ज्यानं त्यानं लिहायचं, मग कागद एकमेकांत बदलायचे आणि समासात मनापासून चार शब्द लिहायचे, असा शिकवणाऱ्या बाईंचा दंडक. बाकीचे 'छान', 'वा' लिहून मोकळे होत. काकांच्या मते हे निव्वळ तोंडाला पानं पुसणं होतं.

त्यांच्या वाट्याला दाराजवळ बसणाऱ्या शिवणवाल्या ताईंचा कागद आला. अक्षर बारीक होतं.

'उरलेल्या कापडाच्या मी पिशव्या शिवते. बटणं माझा मुलगा निवडतो. एकासारखं दुसरं लावू देत नाही. हिरव्याशेजारी लाल, मोठ्याशेजारी इवलंसं. डबा उलटा करायचा तो आणि मी रागवायचे. मग दोघं हसायचो. तो निवडतो, मी टाके घालते.'

काकांना एकदम हुरूप आला. निम्मी वाक्यं वर्तमानात, निम्मी भूतकाळात! त्यांनी लाल पेन काढलं, 'निवडतो'ला गोल केला आणि समासात ठसठशीत लिहिलं : 'काळ चुकला. एकच काळ ठेवा.'

ताईंनी ते वाचलं, कागदाची घडी घातली आणि वर्ग संपायच्या आधीच निघून गेल्या.

"झोंबलं वाटतं," काका बाईंना म्हणाले. "शिकायचं तर ऐकून घ्यायची तयारी हवी."

"काय लिहिलंत तुम्ही?"

काकांनी अभिमानानं सांगितलं. बाई खुर्चीत बसल्याच.

"काका, मुलगा गेला हो त्यांचा. मागच्या वर्षी. तापाचं निमित्त झालं."

काकांना आपलेच दोन शब्द पुन्हा ऐकू आले. काळ चुकला. पोर गमावलेल्या आईला आपण हे लाल शाईत लिहून दिलं! मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना.

दुसऱ्या दिवशी ते ताईंच्या दुकानात गेले. दुकान कसलं, मशीन आणि चिंध्यांचं गाठोडं मावेल एवढी खोली. वाटभर त्यांनी माफीची वाक्यं जुळवली होती. दारात त्यांतलं एकही आठवेना.

"ताई, चुकलं माझं. मी तुमचं लिहिलेलं वाचलंच नाही. नुसतं तपासलं."

"नाही काका, बरोबर होतं तुमचं." ताईंनी खणातून नवा कागद काढून दिला. "बघा बरं, आता जमलंय का?"

'बटणं माझा मुलगा निवडायचा. एकासारखं दुसरं लावू द्यायचा नाही.' शेवटपर्यंत भूतकाळ. शोधूनही चूक सापडली नसती.

"घरचे सगळे सांगून थकले, आता 'होता' म्हणायची सवय कर म्हणून," ताई म्हणाल्या. "जीभच वळायची नाही. तुम्ही लिहिलंत आणि वळली."

काकांचा हात खिशातल्या पेनाकडे गेला. छापखान्यात शब्द चुकून खोडला गेला, तर त्याच्याखाली टिंबं देत. म्हणजे हा शब्द होता तसाच राहू द्या.

"पहिला कागद कुठाय, ताई? मला द्या तो. जरा काम आहे."

"फाडला. चुकीचा होता ना तो."

काका उभेच राहिले. त्यांना हुंदका आला आणि तो त्यांनी गिळला नाही. ताई पुन्हा मशीनवर बसल्या. समोर एक तयार पिशवी पडली होती. तिला पांढरी बटणं लावलेली होती, सगळी एकसारखी.